रीफ टँकमध्ये लाल शेवाळ माजलंय? आधी ओळखा, मग हात घाला

रीफ टँक, म्हणजे घरातला खाऱ्या पाण्याचा, कोरल्सचा (प्रवाळांचा) टँक, लावून सहा-आठ महिने झालेले असतात. नायट्रोजन सायकल, म्हणजे घाणीतल्या अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू रुजण्याचा टप्पा, केव्हाच पूर्ण झालेली असते, पहिली कोरल्स तगलेली असतात, दगडांवर गुलाबी-जांभळे ठिपके उमटायला लागलेले असतात. आता कुठे जम बसतोय असं वाटत असतानाच एका दगडाच्या कोपऱ्यावर गडद लाल, मखमलीसारखा एक पुंजका दिसतो. दिसायला सुंदर असतो, बरेच जण त्याचा फोटोही काढतात. तीन महिन्यांनी तोच पुंजका कोरलच्या बुंध्याशी पोचलेला असतो, ओव्हरफ्लोच्या, म्हणजे पाणी फिल्टरकडे उतरतं त्या जागेच्या, दातांत अडकलेला असतो आणि चिमट्याने ओढला तरी निघत नाही.

बहुतेकांचं चुकतं ते क्रमात. शेवाळ दिसलं की आधी बाटलीतलं औषध ओततात, मग दिवे बंद करतात, मग एकदम वीस गोगलगाई आणून सोडतात, आणि सगळं फसल्यावर शेवटी ब्रश हातात घेतात. लाल शेवाळाच्या बाबतीत हा क्रम बरोबर उलटा हवा. आधी ओळख, मग पाणी, मग हाताने सफाई आणि त्यानंतर शेवाळ खाणारे प्राणी. बाटलीची वेळ आलीच तर सगळ्यात शेवटी, आणि नीट केलं तर ती बहुतेक वेळा येतच नाही.

पहिली पायरी: ते नक्की शेवाळच आहे ना?

‘लाल शेवाळ’ या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळे जीव मोजले जातात. एक म्हणजे सायनो, अर्थात सायनोबॅक्टेरिया. ते शेवाळ नव्हेच, जिवाणू आहेत. दुसरं म्हणजे खरं लाल शेवाळ, शास्त्रीय भाषेत रोडोफायटा. दोघांचा रंग सारखा दिसतो, कारण फायकोएरिथ्रिन नावाचं लाल रंगद्रव्य दोघांकडे असतं. फार पूर्वी एका पेशीने सायनोबॅक्टेरिया गिळला, पचवला नाही, आतच सांभाळला. शेवाळांची हरितलवकं त्यातूनच आली. म्हणजे रंगाचं हे साम्य वंशाकडून आलेलं आहे. पण एकाला मारणारं औषध दुसऱ्याला ओरखडाही काढत नाही, म्हणून ही पायरी गाळू नका.

परीक्षा सोपी आहे. सगळे पंप पाच मिनिटं बंद करा. बास्टर, म्हणजे रबरी फुग्याची ती लांब पिचकारी, घ्या आणि डागावर जवळून जोरात फवारा मारा. सायनो असेल तर पातळ पापुद्रा सुटून वर येतो, त्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकलेले दिसतात, बोटांना बुळबुळीत लागतो आणि बाहेर काढला की कुबट वास येतो. खरं शेवाळ फवाऱ्याने नुसतं डोलतं, जागा सोडत नाही. दुसरी खूण वेळेची. सायनो दिवे लागल्यावर दिवसभरात दाट होतं आणि रात्रीतून विरळ होतं. शेवाळ सकाळी जेवढं, तेवढंच संध्याकाळी. जवळ साधा सूक्ष्मदर्शक असेल तर शंकाच राहत नाही: सायनोचे धागे बारीक, एकसारख्या जाडीचे आणि फांद्या नसलेले दिसतात; त्रास देणाऱ्या लाल शेवाळाला बहुधा फांद्या फुटलेल्या असतात आणि एकेक पेशी वेगळी ओळखू येते.

सायनो निघालं तर तुमचा रस्ता इथेच वेगळा होतो आणि तो तुलनेने सोपा आहे. पापुद्रे नळीने ओढून काढा, त्या कोपऱ्यात वेव्हमेकरचा, म्हणजे पाण्यात प्रवाह करणाऱ्या पंपाचा, झोत पोचेल असं बघा, वाळूवर साचलेली घाण काढा. नायट्रेट शून्यावर आणि फॉस्फेट भरपूर, अशी पाण्याची अवस्था असेल तर ती सुधारा. काही सायनोबॅक्टेरिया पाण्यात विरघळलेला नायट्रोजन वायूसुद्धा वापरू शकतात, त्यामुळे नायट्रेट संपलं तरी त्यांचं अडत नाही, उलट त्यांच्याशी स्पर्धा करणारे मागे पडतात. तीन दिवस पूर्ण अंधार केला तर सायनो बऱ्याचदा ओसरतं. एरिथ्रोमायसिनसारखं प्रतिजैविक हा अगदी शेवटचा उपाय, कारण मेलेला थर कुजताना पाण्यातला प्राणवायू झपाट्याने उतरतो. तो वापरावाच लागला तर हवेचे बुडबुडे सोडणारा एअरस्टोन लावल्याशिवाय रात्र काढू नका.

आता खऱ्या लाल शेवाळाकडे येऊ. त्यातही सगळं शत्रू नसतं.

दगडावर आणि मागच्या काचेवर चढणारा गुलाबी-जांभळा कडक थर म्हणजे कोरलाइन. तेही लाल शेवाळच आहे, पण त्याच्या पेशींच्या भिंतींत कॅल्शियम कार्बोनेट असतं. ते हवंहवंसं आहे, ज्या जागेवर कोरलाइन बसलं तिथे दुसऱ्या शेवाळाला सहज पाय रोवता येत नाही. त्याला हात लावू नका. ग्रॅसिलेरिया, हॅलिमेनिया ही पानासारखी किंवा जाड फांद्यांची शेवाळं हाताने सहज निघतात, तीही डोकेदुखी नाहीत.

खरा त्रास देतात दोन प्रकार. पहिला, रेड टर्फ. बहुतेकदा जेलिडियम किंवा त्याच्यासारखी दिसणारी जात. एक-दोन सेंटिमीटर उंच, तारेसारखं चिवट, गडद मरून. भिंग लावून पाहिलं तर प्रत्येक काडीला दोन्ही बाजूंनी कंगव्यासारखे दात दिसतात. हे दगडाच्या पृष्ठभागावर आडवं सरपटणाऱ्या धाग्यांनी घट्ट बसतं, वरून कापलं तर खालून पुन्हा फुटतं. प्रयोगशाळेत जिवाणू वाढवायला वापरतात ते ‘अगर’ नावाचं जेलीसारखं द्रव्य याच जेलिडियमच्या पेशीभित्तिकांतून काढतात. त्याच्या चिवटपणाची कल्पना यावी.

दुसरा प्रकार नेमका उलट्या स्वभावाचा: फिकट लाल-गुलाबी, पिंजलेल्या कापसासारखे गोळे. धरायला गेलं की बोटांत विरतात आणि प्रत्येक तुकडा कुठेतरी जाऊन रुजतो. यातलं बरंचसं अ‍ॅस्पारागॉप्सिसचं धाग्यांचं रूप असतं. शास्त्रज्ञांनी या रूपाला पूर्वी फॉल्केनबर्जिया असं वेगळं नाव दिलं होतं. ते अ‍ॅस्पारागॉप्सिसच्याच जीवनचक्रातला एक टप्पा आहे हे नंतर लक्षात आलं. या शेवाळात ब्रोमोफॉर्मसारखी संयुगं असतात आणि बहुतेक मासे त्याला तोंड लावत नाहीत. तुमच्याकडे हे असेल तर प्राण्यांवर विसंबू नका, हातांनाच काम करावं लागणार.

दुसरी पायरी: पाणी मोजा, पण घाबरून शून्यावर आणू नका

आठवडाभर काहीही बदलू नका. फक्त मोजा आणि वहीत लिहा. सॅलिनिटी (खारटपणा) 35 पीपीटी (हजारात 35 भाग), म्हणजे विशिष्ट गुरुत्व साधारण 1.026. अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची पीएच टिकवून धरण्याची क्षमता, 8 ते 9 डीकेएच (हे तिचं एकक). कॅल्शियम 400 ते 450 पीपीएम (दशलक्षात इतके भाग). नायट्रेट 5 ते 10 पीपीएम, फॉस्फेट 0.03 ते 0.1 पीपीएम. मिश्र कोरल्सच्या टँकला हे आकडे मानवतात.

फॉस्फेट मोजताना एक घोळ नवीन माणसाचा हमखास होतो. काही डिजिटल चेकर फॉस्फेट दाखवत नाहीत, फॉस्फरस दाखवतात, तोही पीपीबीमध्ये (अब्जात इतके भाग). तो आकडा 3.066 ने गुणायचा आणि 1000 ने भागायचा. चेकरवर 20 दिसलं तर फॉस्फेट झालं 0.061 पीपीएम. हे न करता ‘वीस’ पाहून धसका घेतलेले आणि भरमसाट फॉस्फेट रिमूव्हर ओतलेले लोक मी पाहिले आहेत. त्यांची कोरल्स फिकी पडली, शेवाळ जागच्या जागी राहिलं.

आणि टँक शेवाळाने भरलेला असताना चाचणीत फॉस्फेट कमी आलं म्हणून ‘माझं पाणी तर स्वच्छ आहे’ असं समजू नका. जे पाण्यात येतं ते शेवाळ लगेच खाऊन टाकतं, चाचणीला फक्त उरलेलं सापडतं. शिवाय दगड स्वतः फॉस्फेट धरून ठेवतो. कॅल्शियम कार्बोनेटच्या पृष्ठभागाला फॉस्फेट चिकटतं आणि पाण्यातलं प्रमाण उतरलं की दगड ते हळूहळू परत सोडतो. वर्षभर भरपूर खाऊ घातलेल्या टँकमध्ये आकडा खाली यायला महिने लागतात, ते यामुळे.

मग करायचं काय? आत येणारं कमी करा आणि साचलेलं बाहेर काढा. आरओडीआयच्या, म्हणजे आरओ आणि डीआय फिल्टरमधून शुद्ध केलेल्या, पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य आहे का ते बघा. तीन-चार दाखवत असेल तर डीआय रेझिन, म्हणजे उरलेले क्षार काढणारे दाणे, संपलंय. गोठवलेला खाऊ वितळवून, गाळून, पाणी फेकून मगच घाला. फिल्टर सॉक (गाळणीची पिशवी) किंवा फिल्टर फ्लॉस (गाळणीचा कापूस) दोन-तीन दिवसांनी बदला, कारण त्यात अडकलेली घाण अजून टँकमध्येच असते. दगडांच्या फटींवर आठवड्यातून एकदा बास्टरने फवारा मारा, उडालेली घाण स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारं यंत्र) आणि फ्लॉस उचलतील. जागा असेल तर सम्पमध्ये (टँकला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत) दिव्याखाली कीटोमॉर्फा या हिरव्या शेवाळाचा गुंता ठेवा. तेच अन्न तो खाईल आणि तुम्हाला तो मुठीने उपटून फेकता येईल.

फॉस्फेट 0.2 च्या वर असेल तर जीएफओ, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचे ते तपकिरी दाणे, वापरा. सुरुवात पाकिटावर लिहिलेल्याच्या निम्म्या मात्रेपासून करा, दर तीन दिवसांनी मोजा आणि हळूहळू उतरवा. आकडा शून्याला टेकवणं हा विजय नव्हे. नायट्रेट-फॉस्फेट दोन्ही शून्यावर गेलेल्या टँकमध्ये डायनोफ्लॅजेलेट्स हे सूक्ष्म जीव घुसतात, आणि तपकिरी शेंबडासारख्या त्या थरापुढे लाल शेवाळ परवडलं म्हणायची वेळ येते.

एक स्पष्ट सांगतो: एकट्या पाण्याने रेड टर्फ जाणार नाही. कोरल्स जगण्याइतकं अन्न पाण्यात असेल, तर टर्फही तेवढ्यावर जगतं. पाणी सुधारल्याने त्याची वाढ मंदावते आणि तुमच्या हातांना वेळ मिळतो. ही पायरी त्यासाठीच आहे.

तिसरी पायरी: खरवडणं

लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं इथे आहे, म्हणून सावकाश वाचा.

माझ्या टँकमध्ये टर्फ आलं ते एका फ्रॅगच्या, म्हणजे कोरलच्या कापून आणलेल्या तुकड्याच्या, प्लगवरून (तो ज्यावर चिकटवतात ती चकती). नखाएवढा पुंजका होता. तो पसरू लागल्यावर मी पंप चालू ठेवूनच, टँकच्या आत, टूथब्रशने दगड घासला. पाणी लाल तुकड्यांनी भरलं आणि फिल्टर ते ओढून घेईल असं मी धरून चाललो. दीड महिन्याने टर्फ अशा तीन दगडांवर उगवलं होतं जिथे ते कधीच नव्हतं. लाल शेवाळांच्या कुठल्याच पेशीला पोहण्यासाठी शेपटी नसते. बीजाणू असो वा तुटलेला तुकडा, पाणी नेईल तिकडे तो जातो आणि थांबेल तिथे रुजतो. ते पाणी मीच फिरवत होतो.

म्हणून पहिला नियम: हात घालण्याआधी सगळे पंप बंद. दुसरा नियम: जो दगड बाहेर काढता येतो तो बाहेर काढूनच साफ करायचा.

त्याहीआधी हातमोजे आणि चष्मा. दगडावर झोआ किंवा पॅलिथोआ ही बटणांसारखी दिसणारी कोरल्स असतील तर हे सक्तीचं समजा. पॅलिथोआच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन असतं. ते पहिल्यांदा 1971 साली हवाईतल्या पॅलिथोआपासून वेगळं केलं गेलं आणि ज्ञात असलेल्या अत्यंत जहाल विषांपैकी एक आहे. असा दगड घासताना तोंडावर शिंतोडा उडू देऊ नका, हाताला चीर असेल तर काम पुढे ढकला. आणि काहीही झालं तरी असा दगड उकळू नका, त्यावर गरम पाणी ओतू नका. वाफेतून विष श्वासात जाऊन घरातली अख्खी मंडळी रुग्णालयात पोचल्याच्या घटना घडलेल्या आहेत.

दोन बादल्या घ्या आणि दोन्हींत टँकचंच पाणी भरा. दगड पहिल्या बादलीवर धरा. टर्फ चिमट्याने बुडाशी पकडा आणि वर न ओढता आडवं सोलल्यासारखं ओढा. नीट सुटलं तर मुळाशी गुंतलेल्या बारीक धाग्यांची जाळी त्याच्याबरोबर निघते. नुसते शेंडे हातात आले तर ती जागा पुन्हा फुटणार असं समजा. मग कडक ब्रश. तरीही लाल छटा राहिली तर पटाशीने किंवा कोरल कापायच्या कटरने दगडाचा वरचा एखादा मिलिमीटर थरच खरवडून काढा. दगडाचं काही बिघडत नाही. मध्येमध्ये पहिल्या बादलीत बुडवून हलवत राहा.

आता 3 टक्क्यांचा हायड्रोजन पेरॉक्साइड, जखम धुवायला वापरतात तोच. याहून तीव्र द्रावण घेऊ नका, ते कातडी जाळतं. दगड पाण्याबाहेर धरून ड्रॉपरने किंवा छोट्या ब्रशने फक्त त्या खरवडलेल्या जागेवर लावा. जवळच्या कोरलपासून किमान दोन-तीन सेंटिमीटर दूर राहा आणि दगड असा तिरका धरा की ओघळ कोरलकडे जाणार नाही. लगेच पांढरा फेस येतो. दोन-तीन मिनिटं थांबा, मग दुसऱ्या बादलीत नीट खंगाळून दगड टँकमध्ये परत ठेवा. दोन्ही बादल्यांतलं पाणी फेकून द्या.

त्यानंतरचे दिवस मला नेहमी बघत राहावेसे वाटतात. फटीत राहिलेले मरून दोरे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एकदम भडक नारिंगी-गुलाबी होतात, जणू आतून दिवा लावलाय. शेवाळ बहरलं असं वाटून नवीन माणूस घाबरतो. तसं नाही, ते मरतंय. पेशी फुटल्या की रंगद्रव्य मोकळं होतं. आठवडाभरात ते पांढरं पडतं आणि गोगलगाई ते चाटून नेतात.

एका वेळी सगळे दगड घेऊ नका. आठवड्याला फार तर एक तृतीयांश. दगडांवरच टँकचे उपयोगी जिवाणू राहतात आणि मरणाऱ्या शेवाळातून अमोनिया सुटतो. सगळं एकाच दिवशी केलं तर मासे त्याची किंमत मोजतात.

बाहेर न निघणाऱ्या दगडासाठी वेगळी युक्ती. हवेच्या पंपाला लावतात त्यापेक्षा थोडी जाड, पारदर्शक नळी घ्या आणि टूथब्रशचं डोकं तिच्या तोंडाशी रबराने घट्ट बांधा. नळीतून पाणी बादलीत सोडलं की तुम्ही घासाल तो तुकडा उडण्याआधीच नळीत खेचला जातो. दहा टक्के पाणी निघालं की थांबा. ताजं मिठाचं पाणी आधीच तयार ठेवलेलं असेल तर पाणीबदलही त्यातच उरकतो. कापसासारख्या अ‍ॅस्पारागॉप्सिसला तर हीच एक पद्धत चालते. तिथे ब्रशसुद्धा नको, नुसत्या नळीचं तोंड गोळ्यावर टेकवून आधी तो ओढून घ्या आणि बुंधा मागाहून चिमट्याने काढा.

सगळं झाल्यावर नवा फ्लॉस लावा, मग पंप सुरू करा, आणि तो फ्लॉस दुसऱ्या दिवशी सकाळी न विसरता फेका. काल सुटलेलं बी त्यातच बसलेलं असतं.

पेरॉक्साइड सरळ टँकच्या पाण्यात रोज थोडं थोडं घालण्याची पद्धतही तुमच्या कानावर येईल. सुरुवात करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे. क्लीनर आणि पेपरमिंट श्रिंप या कोळंब्या त्याला फार नाजूक असतात, काही कोरल्सही आक्रसतात, आणि मुळाशी धरून बसलेल्या टर्फपर्यंत ते पुरेसं पोचतही नाही.

चौथी पायरी: आता खाणारी तोंडं आणा

प्राणी खरवडल्यानंतर का आणायचे? कारण दोन सेंटिमीटर वाढलेलं चिवट टर्फ गोगलगाईच्या जिभेला झेपत नाही. खरवडलेल्या जागेवर फुटणारे कोवळे कोंब मात्र तिला सहज खाता येतात. तुम्ही जमीन साफ करायची, ती साफ ठेवायचं काम त्यांचं.

माझी पहिली पसंती अर्चिनला, म्हणजे काटेरी गोल समुद्री प्राण्याला. त्याच्या तोंडाला पाच दात असतात आणि तो शेवाळ नुसतं चाटत नाही, दगडासकट खरवडतो. अर्चिन काय करू शकतात ते कॅरिबियन समुद्राने दाखवून दिलं आहे: 1983-84 मध्ये रोगाने तिथले लांब काट्यांचे डायडेमा अर्चिन 90 टक्क्यांहून जास्त मेले आणि त्यानंतर कित्येक रीफ शेवाळाखाली गेले. घरच्या टँकला टक्सिडो अर्चिन, म्हणजे मेस्पिलिया ग्लोब्युलस, बरा. आटोपशीर राहतो, काटे आखूड असतात. दोन गोष्टी मात्र मान्य करून आणा: तो कोरलाइनही खातो, आणि सुटे फ्रॅग, शिंपल्या, जे मिळेल ते पाठीवर घेऊन फिरतो. सगळे फ्रॅग आधी गोंदाने पक्के चिकटवा. पेन्सिल अर्चिन आणू नका, तो कोरलकडेही वळतो.

गोगलगाईंत टर्बो सगळ्यात खादाड, पण अंगाने जड. सुटे फ्रॅग पाडते आणि वाळूवर उलटी पडली तर बऱ्याचदा तिला स्वतः सरळ होता येत नाही. दिसली की उचलून ठेवा. ट्रोकस स्वतःहून सरळ होते आणि टँकमध्ये तिची पिल्लंही होतात, म्हणून मला ती जास्त आवडते. साधारण 200 लिटरला एक अर्चिन आणि आठ-दहा गोगलगाई एवढ्यावर सुरुवात करा. एकदम जास्त आणल्या तर अन्न संपल्यावर त्या उपाशी मरतात आणि त्यांच्या शरीरातलं सगळं फॉस्फेट तुमच्याच पाण्यात येतं. सॅलिनिटीतला फरक या प्राण्यांना सोसत नाही, तेव्हा टँकचं पाणी थेंबाथेंबाने घालत तासाभराने सोडा. तांबं असलेलं माशांचं औषध या टँकमध्ये कधीच नको.

सी-हेअर, म्हणजे समुद्री ससा, हा पाहुणा कलाकार. भराभर खातो, पण शेवाळ संपलं की उपाशी पडतो, आणि पंपात ओढला गेला तर शाई सोडून टँक जांभळा करतो. आप्लिसिया जातीच्या सी-हेअरची ती जांभळी शाई मुळात लाल शेवाळाच्याच रंगद्रव्यापासून बनलेली असते. आणायचाच तर पंपांना जाळी लावा आणि काम झाल्यावर तो कोणाकडे जाणार हे आधीच ठरवा.

माशांत फॉक्सफेस आणि टँग उपयोगी, पण तुमचा टँक त्यांना पुरेल एवढा लांब असेल तरच. नोरीच्या पत्र्या खायला शिकलेला मासा निवडा. नोरी हे लाल शेवाळच असतं, त्यामुळे लाल रंग त्याला परका नसतो. शेवाळासाठी मासा आणला तरी तो वर्षानुवर्षं तुमच्याकडे राहणार आहे, टँक चार फुटांचा नसेल तर टँगचा विचार सोडा.

दिवे आणि बाटल्या

दिवे बंद करून लाल शेवाळ मरेल ही आशा सोडून द्या. फायकोएरिथ्रिन निळा-हिरवा प्रकाश शोषतं आणि खोल पाण्यात तोच पोचतो. 1984 साली बहामाजवळ समुद्रात 268 मीटर खोलीवर कोरलाइन जातीचं लाल शेवाळ जिवंत सापडलं, जिथे पृष्ठभागावरच्या प्रकाशाच्या 0.0005 टक्के इतकाच प्रकाश होता. ज्या कुळाचं एवढ्यावर भागतं, त्याच्यासमोर तुमचा तीन दिवसांचा अंधार काय टिकणार? कोरल्स मात्र त्यात दमतात. दिव्याचे निळे चॅनेल वाढवून पांढरे कमी केल्यानेही टर्फचं काही अडत नाही, निळा प्रकाश तर त्याला चालतोच. दिव्यांची वेळ आठ-दहा तासांवर स्थिर ठेवा आणि तो विषय बंद करा.

फ्लुकोनाझोल हे बुरशीवरचं औषध ब्रायॉप्सिस या हिरव्या शेवाळावर चांगलं चालतं, म्हणून लोक ते लाल शेवाळावरही वापरून बघतात. त्यावर भरवसा ठेवू नका. सायनोची औषधं टर्फला लागू पडत नाहीत हे वर आलंच आहे.

किती दिवस?

दोन ते तीन महिने धरा. पहिल्या महिन्यात एकेक तृतीयांश करत सगळे दगड एकदा होतात. दुसऱ्या महिन्यात जुन्या जागांवर बारीक लाल केस पुन्हा दिसतात, आणि बहुतेक जण इथेच हात टेकतात. खरं तर ही दुसरी फेरी पहिलीच्या पावपट असते. चिमटा, पेरॉक्साइडचे चार थेंब, झालं. दर रविवारी त्याच कोनातून, त्याच दिव्यात फोटो काढा. रोज बघणाऱ्याला फरक दिसत नाही, चार फोटो शेजारी ठेवले की दिसतो. अल्कलिनिटी आणि कॅल्शियम या काळात स्थिर राहिले तर खरवडलेल्या पांढऱ्या डागांवर कोरलाइनचे गुलाबी ठिपके यायला लागतात. ती जागा आता त्यांची.

नवीन काही आणताना फ्रॅग प्लगसकट टँकमध्ये ठेवू नका. कोरल प्लगवरून कापून काढा, बुंध्याला चिकटलेला जुना दगड टाका आणि नव्या प्लगवर चिकटवा. कोरल डिप, म्हणजे नवं कोरल बुडवायची द्रावणं, किड्यांसाठी असतात, शेवाळाचं त्याने काही होत नाही. वेगळा छोटा टँक असेल तर दिव्याखाली चार-सहा आठवडे लक्ष ठेवा. गोगलगाईच्या पाठीकडेही बघा; तिच्या शंखावर टर्फ रुजलेलं असतं आणि ती ते टँकभर फिरवते. ब्रशने शंख घासूनच आत सोडा.

दगड साफ दिसायला लागले की टॉर्च घेऊन त्या जागा तपासा जिथे कोणी खाणारा पोचत नाही: ओव्हरफ्लोचे दात, रिटर्न नोझलच्या (गाळलेलं पाणी टँकमध्ये परत येतं त्या तोंडाच्या) आतली कड, वेव्हमेकरचा पिंजरा, हीटरची वायर, मागच्या काचेचा सिलिकॉनचा सांधा. पंप सुटे करून सायट्रिक अ‍ॅसिडच्या कोमट पाण्यात तासभर भिजवा, दातांमधलं शेवाळ जुन्या टूथब्रशने काढा आणि सगळे भाग साध्या पाण्याने दोनदा धुऊन लावा. माझ्या टँकमधला शेवटचा पुंजका रिटर्न नोझलच्या आत, वळणाच्या मागे होता. तो मिळेपर्यंत दर महिन्याला एका ठरावीक दगडावर नवा कोंब का दिसतो, हे मला कळत नव्हतं. नोझलचा झोत नेमका त्याच दगडावर पडत होता.